गुरुवारचं खारं पाणी

“सिस्टर, समुद्राचं पाणी पोटात गेलंय. काही होईल का?”

मी मान वर करून पाहिलं. दारात एक उंच, सडसडीत तरुण उभा होता. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीला. ओठ पांढरट पडलेले, आणि सदऱ्याच्या छातीवर मोठा ओला डाग.

भोसरीच्या कामगार दवाखान्यात मी तोवर बरंच काही पाहिलं होतं. बोटात घुसलेली लोखंडाची कपची, वेल्डिंगने सुजलेले डोळे, डबल शिफ्ट करून भोवळ आलेली माणसं. पण समुद्र? आमच्या जवळचं मोठं पाणी म्हणजे आळंदीची इंद्रायणी, आणि ती काही खारी नव्हे.

“कुठला समुद्र?” मी विचारलं.

“घरातला.”

औषधांच्या खिडकीमागे आमचे कंपाउंडर सोपानराव बसायचे. ते खाकरले. “सिस्टर, डोक्याला मार लागलाय का तेवढं आधी बघा.”

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालची असावी. परतीचा पाऊस चालू होता, एवढं नक्की आठवतं, कारण त्याच्या मागे दारात पागोळ्या गळत होत्या. मी तेव्हा दापोडीहून बसने यायचे. वडील खडकीच्या कारखान्यात, घरात मी थोरली. आई म्हणायची, कस्तुराला भूक कमी आणि प्रश्न जास्त. खरंच होतं ते. एखादी गोष्ट कळली नाही तर मला चैन पडायची नाही.

मी त्याला बाकावर बसवलं, प्यायला पाणी दिलं. नाव विश्राम मोहिते, एका वर्कशॉपमध्ये टर्नर. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी विजेची कपात, म्हणून भोसरीतले कारखाने बंद. साऱ्या जगाला रविवार, आमच्या पट्ट्याला गुरुवार.

“आता नीट सांगा,” मी म्हटलं.

“काचेची टाकी आहे. समुद्रातले मासे आहेत. त्यांचं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. नळीचं एक टोक टाकीत घालायचं, दुसरं तोंडाने ओढायचं. एकदा ओढ लागली की पाणी आपोआप खाली बादलीत येतं. फक्त वेळेवर तोंड काढलं पाहिजे.”

“आणि तुम्ही काढलं नाहीत.”

“एका माशाकडे बघत राहिलो.”

“काम करताना इकडेतिकडे बघू नये.”

“काही चांगलं दिसलं की नजर हलत नाही, सिस्टर,” तो म्हणाला. त्या वेळी तो माझ्याकडेच बघत होता. मग एकदम कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, “माशाबद्दल बोलतोय मी…”

“मीही माशाबद्दलच ऐकतेय,” मी म्हटलं.

सोपानरावांनी बाटल्या पुसायला घेतल्या. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

पोटाला काही होणार नव्हतं. कंबर मात्र चांगलीच धरली होती. पाण्याचे कॅन जिना चढवून चढवून शीर आखडलेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि वजन उचलू नका म्हणून बजावलं.

“उचललं नाही तर मासे मरतील,” विश्राम हळूच म्हणाला. पुढे आणखी काही बोलणार होता… पण बोलला नाही.

ते न बोललेलं मला टोचत राहिलं. मलमाची डबी देताना मी विचारून टाकलं, “बघायला मिळेल का? तुमचा समुद्र?”

“घरी आई असते,” तो घाईघाईने म्हणाला. मी नको त्या शंका काढू नयेत म्हणून. मी काढल्या नव्हत्या.

* * *

दवाखाना सकाळ-संध्याकाळ असायचा, मधली दुपार मोकळी. पुढच्या गुरुवारी मी छत्री घेऊन निघाले. गावठाणात छबूबाईंची दुमजली चाळ होती, वरच्या मजल्यावर कडेची खोली. छबूबाई खाली ओट्यावर गवार निवडत होत्या.

“इश्रामकडं आलीस व्हय? जा, वर जा,” त्या म्हणाल्या. “दर्या बगाया समदी येत्यात. तिकीट लावलं असतं तर मी आनखी येक माडी बांधली असती.”

खोलीत शिरले आणि पहिल्यांदा वास आला. ओला, खारा, जरासा शेवाळी. भोसरीत तेलाचा वास, जळक्या लोखंडाचा वास. हा वास कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. मग ती टाकी दिसली. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून, फटींत लांबी भरून विश्रामने स्वतः केलेली. तळाला शिंपल्यांची रेती, दोन काळे दगड. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे इकडून तिकडे गस्त घालत होते. शंखात राहणारा एक खेकडा घर पाठीवर घेऊन चालला होता. आणि दगडाला धरून एक समुद्रफूल. जांभळट, असंख्य बोटांचं, उमललेलं. वारा नव्हता, तरी ते हलत होतं.

मी दाराशीच उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे.

“हे मासे हवालदार,” विश्राम माझ्या मागून म्हणाला. “तो शंखातला भाडेकरू. नाव छबूबाईंनी ठेवलंय.”

“आणि फूल?”

“त्याला नाव नाही. ते आईचं आहे.”

टाकीसमोर चटईवर त्याची आई बसली होती, तानुबाई. पांढऱ्या केसांची बारीकशी बाई, हातात नारळाची करवंटी. वीज नव्हती, त्यामुळे हवेचा पंप बंद. माशांना हवा मिळावी म्हणून त्या करवंटीने टाकीतलं पाणी उचलून वरून धार सोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, करवंटी माझ्या हातात दिली, आणि सरकून जागा केली.

कोपऱ्यात एक बोचकं होतं. घट्ट गाठ मारलेलं, जसं एसटीच्या वाटेवर ठेवतात तसं.

त्याची हकीकत मला विश्रामने जिन्यात सांगितली. कोकणात, दापोलीच्या खाली, किनाऱ्याला लागून त्यांचं घर. वडील गेल्यावर त्याने आईला इथे आणलं. ती जेवेना, बोलेना. आल्या दिवशी बांधलेलं बोचकं सोडेना. मग एकदा गावी गेला असताना, ओहोटीला खडकांत अडकलेल्या पाण्यातून त्याने हे सगळं कॅनमध्ये घालून आणलं. त्या दिवशी आई पहिल्यांदा दोन घास जास्त जेवली. म्हणाली, “ह्या फूल हाय तवर मी हाय. ह्या मिटला, की मना एष्टीत बसव.”

“आणि मिटलं तर?”

“तिला एकटीला तिथे कसं ठेवणार? मी एकटाच मुलगा. मलाही जावं लागेल.”

“आणि नोकरी?”

“तिथे कसली आलीय लेथ मशीन, सिस्टर.”

पाऊस थांबला होता, पन्हळीतून तेवढं पाणी गळत होतं. माझी-त्याची ओळख होऊन आठवडा झाला होता, आणि तो जाईल हा विचार मला नकोसा झाला. मी स्वतःलाच बजावलं की हे त्या फुलासाठी आहे.

मग वर येऊन मी त्याला पाणी बदलताना पाहिलं; मागच्या गुरुवारी कंबर धरल्याने ते तसंच राहिलं होतं. महिन्यातून एकदा बदलायचा, आणि एकदम निम्मी टाकी. तोंडाने नळी ओढायची, बादल्या भरायच्या, मोरीत ओतायच्या. चिमाजी नावाचा त्याचा ड्रायव्हर मित्र माल घेऊन मुंबईच्या बंदराला जायचा, तो येताना समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणायचा. ते कॅन उचलून, छातीपर्यंत चढवून टाकीत ओतायचे. रेती ढवळून पाणी गढूळ झालं, हवालदार दगडामागे लपले, फुलाने बोटं आखडून घेतली. विश्राम कंबर धरून भिंतीला टेकला.

“हे दर वेळी असंच?” मी विचारलं.

“दुसरं कसं करणार?”

दुसरं कसं… बसमध्ये दापोडीपर्यंत मी तेच घोळवत राहिले. उतरायचा थांबाही चुकला.

* * *

पुढच्या गुरुवारी मी औषधांच्या दुकानातून लाल रबरी नळी विकत घेतली, आणि ती बंद करायचा लोखंडी चिमटाही.

“ही तर…” विश्राम नळीकडे बघत थांबला.

“हो, एनिमाची. नवी आहे. आता तोंड लावणार का?”

“नाही!”

“तेच हवंय मला.”

मी नळी वेटोळं करून पूर्ण टाकीत बुडवली. आतली हवा बुडबुडे होऊन निघून गेली. मग एका टोकावर अंगठा दाबून ते टोक बाहेर काढलं, खाली मोरीपर्यंत नेलं आणि अंगठा सोडला. पाणी वाहायला लागलं. ना तोंड, ना बादली. चिमटा लावला की थांबलं, काढला की चालू.

विश्राम मोरीशी उकिडवा बसून त्या धारेकडे बघत राहिला. “इतके दिवस मी उगाच समुद्र प्यालो.”

“उगाच कसं? त्यामुळेच दवाखान्यात आलात ना,” मी बोलून गेले, आणि मग चिमटा उगाच दोनदा उघडला, मिटला.

तानुबाईंनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. ती त्यांची रोजची परीक्षा. “लय खारा झालाय,” त्या म्हणाल्या.

“आटलं की मी त्यात समुद्राचंच पाणी घालतो की,” विश्राम म्हणाला.

मी विचारात पडले. “आमटी उकळून आटली तर काय होतं?”

“खारट होते.”

“मग आपण वरून काय घालतो? पाणी की मीठ?”

त्याने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. आणि तानुबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. “बाय हुशार हाय गो,” त्या म्हणाल्या. “माजा सोन्या टाकीला आमटीवर आमटी घालतो.”

उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. मग मी दवाखान्यातल्यासारखी चिकटपट्टी काचेवर लावून दोन खुणा केल्या. वरच्या खुणेपर्यंत आटलेलं भरायचं ते गोडं पाणी. नळाचं, पण एक दिवस उघडं ठेवून औषधाचा वास गेलेलं. नंतर नळी लावून खालच्या खुणेपर्यंत पाणी सोडायचं, आणि तेवढंच समुद्राचं भरायचं. मोजायला नको, आठवायला नको. आणि महिन्याला एकदम निम्मी टाकी उपसायची नाही. दर गुरुवारी थोडं थोडं.

“औषधाची अख्खी बाटली एकदम प्यायला देतो का आपण? डोस वाटून देतो,” मी म्हटलं.

“मग डॉक्टरला दर गुरुवारी यावं लागेल,” विश्राम म्हणाला.

“सिस्टरला.”

“तेच म्हणतोय.”

असे कितीतरी गुरुवार गेले. पाऊस सरला, भोसरीच्या मागच्या रानात ज्वारी उभी राहिली. उचलण्याचा त्रास उरला होता, त्यावर विश्रामने उपाय काढला. माळ्यावर एक प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं. चिमाजी आला की दोघं मिळून कॅन एकदाच वर रिकामे करायचे. माळा टाकीहून उंच; वरून तशीच दुसरी नळी, तसाच चिमटा. पाणी दोऱ्यासारखी बारीक धार धरून टाकीत उतरायचं. रेती ढवळायची नाही, मासे बुजायचे नाहीत, फूल हलकेच डोलायचं.

धार चालू असताना आम्हाला करवंटीशिवाय काहीच काम नसायचं. एका बाजूला मी करवंटी धरून, एका बाजूला तो.

“दमल्या असाल. द्या इकडे करवंटी,” तो म्हणायचा.

“तुमच्या कमरेला बरं आहे का पण?”

“कंबर बरी आहे. दुसरंच काहीतरी दुखतंय.”

“काय?”

“सांगतो… पुढच्या गुरुवारी.”

आणि पुढच्या गुरुवारी तो काहीतरी भलतंच सांगायचा. लेथवर पितळ कसं कापलं जातं, लोखंडापेक्षा कसं मऊ असतं, त्याचा कीस कसा सोन्यासारखा पडतो. मी म्हणायचे, एवढं पितळ कशाला आठवतंय? तो म्हणायचा, एक काम चाललंय जेवणाच्या सुट्टीत, झालं की दाखवतो. मला तेव्हा वाटायचं, पितळेबद्दल ऐकायला दापोडीहून येणारी मी पहिलीच मुलगी असेन.

* * *

एका गुरुवारी मला जाता आलं नाही. आळंदीला लसीकरण होतं. विश्रामलाही बंद मशीनच्या दुरुस्तीसाठी ओव्हरटाइमला बोलावलं. काही बिघडणार नव्हतं. सगळं इतकं सोपं झालं होतं की तानुबाई आणि छबूबाई दोघींनीच पाणी बदललं. मला निरोपही आला, काळजी नको म्हणून.

दोन दिवसांनी विश्राम दवाखान्यात आला. या वेळी काही गमतीचं बोलला नाही.

“फूल मिटलंय. भाडेकरू शंखातून बाहेर येऊन पडलाय. मेला बहुतेक.” मग म्हणाला, “आईने बोचकं दाराशी आणून ठेवलंय.”

मी डॉक्टरांना विचारून तशीच निघाले. समुद्रफूल म्हणजे एक आक्रसलेला गोळा झाला होता. हवालदार तोंड वर करून धापा टाकत होते. तानुबाई टाकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

“मीठ जास्त झालं असेल,” विश्राम म्हणाला. “किंवा कमी.”

“तुम्ही चाखून बघितलंत का?” मी तानुबाईंना विचारलं.

त्यांनी मान हलवली. बघून काय करायचं, अशी. मी त्यांचा हात धरला आणि टाकीपाशी नेला. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा लावलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“खारा बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पण… कळकलाय गो.”

कळकलंय. माझ्या डोळ्यांपुढे आमचं दापोडीचं स्वयंपाकघर आलं. तांब्याच्या पातेल्यात ताक ठेवलं म्हणून आई मला ओरडली होती. तांब्यात आंबट ठेवू नये, खारट ठेवू नये, कळकतं, विष होतं. हे कुठल्या घरात माहीत नसतं?

“पाणी कशात होतं?” मी विचारलं.

“कॅनमध्ये,” विश्राम म्हणाला. “नेहमीच्या.”

मी जिना उतरले. छबूबाईंच्या ओट्यावर तांब्याचा मोठा हंडा उपडा घातलेला होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला. मी तो सरळ केला. आत, पाण्याची पातळी जिथे असते तिथे, हिरवट-निळी कड आली होती.

“छबूबाई, ह्यात काय ठेवलं होतं?”

“आगं, तुमचं दर्याचं पानी,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “त्यो एक क्यान चिरला व्हता, गळाय लागला. म्हनलं वाया नगं जायाला. चांगला घासूनपुसून ह्यात वतून ठिवला, वर धडपा बांदला. मग त्या दिशी माळ्यावरच्या पिंपात नेऊन घातला. तांब्याचं पानी पिऊन मानसं धडधाकट व्हत्यात, मंग मासं का न्हाई व्हनार?”

मी हंडा त्यांच्याकडे कलता केला. आतली ती कड त्यांनी स्वतःच पाहिली, बोटाने खरवडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. “आगं बया… ह्यात मी लोनचंबी कधी ठिवत न्हाई. दर्याचं माज्या ध्यानातच आलं न्हाई.”

कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. समुद्र म्हणजे समुद्र. तो लोणच्यासारखा खारट आहे हे स्वयंपाकघरात कोण लक्षात घेतं?

माळ्यावरचं पिंप आम्ही सगळंच ओतून टाकलं, धुतलं. चांगलं पाणी उरलं होतं ते खाटेखालच्या एका कॅनमध्ये, तेही अर्धं. विश्राम म्हणाला, एकदम सगळं घालून टाकू. मी म्हटलं, नाही. डोस वाटून. रोज थोडं काढायचं, रोज थोडं घालायचं, चिमाजी येईपर्यंत. तो कामावर जायच्या आधी मी येईन, दवाखान्याच्या आधी.

“रोज?” त्याने विचारलं.

“पेशंट गंभीर आहे.”

मग त्याने खिशातून काहीतरी काढलं, चिंधीत गुंडाळलेलं. उलगडलं आणि माझ्यासमोर न धरता स्वतःच बघत राहिला. एक पितळी तोटी होती. नाजूक, आखूड मानेची, फिरवायच्या जागी कमळाच्या कळीसारखा आकार दिलेला.

“माळ्यावरच्या पिंपासाठी केली होती,” तो म्हणाला. “चिमट्याऐवजी. तुम्हाला दाखवणार होतो. पण पितळेतही तांबंच असतं…” त्याने ती परत गुंडाळली आणि खिशात टाकली.

ते काही दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. सकाळच्या पहिल्या बसने यायचे. गोळा तसाच असायचा. नळी बुडवायची, थोडं सोडायचं, थोडं भरायचं.  टाकीकडे पाठ करून बसणं तानुबाईंनी सोडलं होतं. छबूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. एक दिवस तानुबाई त्यांना म्हणाल्या, “अगो, आत ये. चूक कसली, माया होती तुजी. माया पण कंच्या भांड्यात ठेवायची ता बगायला लागता, एवडाच.” छबूबाईंनी डोळे पुसले आणि आत येऊन करवंटी हातात घेतली.

चिमाजी पाणी घेऊन आला. आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी जिन्यात असतानाच विश्राम वरून खाली डोकावला. नुसता हसत होता.

फुलाची बोटं बाहेर आली होती. सगळी नाहीत. काही आखूड, काही वाकडी. पण हलत होती.

तानुबाई उठल्या. दाराजवळचं बोचकं ओढून घेतलं, गाठ सोडायला लागल्या. गाठ इतकी जुनी होती की दात लावावे लागले. आतून त्यांनी एक गोधडी काढली, झटकली, टाकीसमोर अंथरली.

“बस गो बाय,” त्या मला म्हणाल्या. “रोज चटईवर बसतस.”

* * *

खरं तर गोष्ट इथे सुखात संपायला हवी. पण झालं उलटंच.

तानुबाई आता टाकीच्या मालकीण झाल्या. खुणा त्यांना पाठ, नळी पाठ, चिमटा पाठ. गुरुवार उजाडायच्या आत पाणी बदलून मोकळ्या. मला म्हणाल्या, “आता तू कशाला दगदग करतस? मीच करतंय की.” त्यांना वाटलं मला त्रास होतो. मी काय म्हणणार? मला त्रास द्या म्हणून सांगू?

एक गुरुवार गेला. दुसरा गेला. दुपारी दवाखाना बंद झाला की मी कापसाचे बोळे करत बसायचे. सोपानराव म्हणायचे, “सिस्टर, एवढ्या बोळ्यांत अख्खी भोसरी गुंडाळता येईल.” मी स्वतःवरच चिडले होते. पाणी बदलण्यातली एकेक अडचण मी काढून टाकली, आणि शेवटी तिथे माझीच गरज उरली नाही.

महिना उलटून गेला असेल. दवाखाना मिटायची वेळ. दारात सावली पडली.

“सिस्टर… समुद्राचं पाणी पोटात गेलंय.”

सोपानरावांनी पेन खाली ठेवलं.

मी मान वर केली नाही. “नळीला चिमटा आहे,” मी म्हटलं.

“आहे.”

“नळी बुडवून भरायची. तोंड लावायचं कामच नाही.”

“नाही.”

“मग गेलं कसं?”

“मुद्दाम प्यालो.”

आता मी पाहिलं. ओठ पांढरट, सदऱ्यावर ओला डाग. अगदी पहिल्या दिवशीसारखा.

“तुम्ही सगळं फार सोपं करून ठेवलंत,” तो म्हणाला. “आई एकटी करते. माझं काम नाही, तुमचं काम नाही. तुम्हाला बोलवायला कारण शोधतोय महिनाभर. काही बिघडतच नाही. शेवटी… नळी तोंडाला लावली.”

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही लपवायला मी केसपेपर चाळायला घेतले. त्याने खिशातून ती चिंधी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“ही टाकीला चालत नाही. तुम्ही ठेवा.”

तोटी जड होती, त्याच्या खिशात राहून कोमट झालेली. मी कळी फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरली.

“आमच्या घरी पिंप नाही,” मी म्हटलं. “माठ आहे. ही कशाला लावू?”

“पिंप…” तो अडखळला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत थांबला. “पिंप आपण घेऊ की.”

आपण. त्याने शब्द परत घेतला नाही, मीही दिला नाही.

“सिस्टर,” सोपानराव खिडकीमागून म्हणाले, “केसपेपर काढू का नवा?”

“काढा,” मी म्हटलं. “पेशंटला कायमचं देखरेखीखाली ठेवावं लागेल.”

* * *

दापोडीच्या विहारात आमचं लग्न झालं. मी पांढरी साडी नेसले होते. चिमाजीने ट्रकमधून सगळ्या चाळीला आणलं. वडिलांना एकच शंका होती, मुलगा गावी परत तर जाणार नाही ना. तानुबाईंनी त्यांना सांगितलं, “आता माजा दर्या हितंच हाय. मी खंय जाऊ?”

आणि छबूबाईंनी आहेर म्हणून तो हंडाच आणला. चिंचेने घासलेला, आत आरशासारखा. “आता ह्यात गोडंच भरायचं गं बया,” त्यांनी मला दम दिला. विश्रामने त्याच आठवड्यात त्याला तळाशी भोक पाडून तोटी बसवली.

टाकी पुढे पुष्कळ वर्षं होती. तानुबाई असेतोवर दर गुरुवारी पाणी बदललं गेलं. त्या गेल्यानंतरही काही वर्षं. मग एका मे महिन्यात आम्ही दोघं एसटीने दापोलीला गेलो आणि जे होतं ते सगळं त्याच्या जागी सोडून आलो. काचा विकल्या. नळीचं रबर तर केव्हाच चिकट होऊन गेलं होतं.

हंडा आहे अजून. चिंचवडच्या या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात, तिवईवर. मुलगा म्हणतो, पाणी शुद्ध करायचं मशीन घेतलंय, आता हे कशाला? तोटी झिजलीय. रात्रंदिवस थेंब थेंब गळते. सून म्हणते, आई, प्लंबरला बोलवते, पाच मिनिटांचं काम आहे.

मी बोलवू देत नाही.

दर गुरुवारी सकाळी विश्राम चष्मा लावतो, तोटी खोलतो, दोरा गुंडाळतो, पुन्हा बसवतो. हात थरथरतात आता, वेळ लागतो. मी बाजूला स्टूल घेऊन बसते आणि खाली भांडं धरते.

“या वेळी घट्ट बसली बघ,” तो म्हणतो.

“बघू,” मी म्हणते.

आणि तो हात धुवायला गेला की कळी किंचित सैल करून ठेवते.